झारेकरी

रास अल खैमाच्या उत्तरेला, डोंगराच्या पायथ्याशी
आमची प्रयोगशाळा: दोन खोल्या, एक तराजू,
आणि एसी, जो वजन करताना बंद ठेवायचा.
श्वाससुद्धा मान वळवून सोडायचा.

बाप झारेकरी होता.
उजाडायच्या आत सराफ गल्ली झाडायचा,
गटाराकाठचा गाळही पोत्यात भरायचा
आणि परातीत पाणी फिरवत बसायचा,
तळाशी एखादी पिवळी टिकली दिसेपर्यंत.
शहाणपणाचं कधी काही बोलला नाही.
म्हणायचा, "कोपर हलवू नको."

मी हवा झाडतो.

मंगळवारी मगरिबनंतर पाण्यापलीकडून एक रॉकेट वर गेलं.
कुणाचं, ते कुणी सांगितलं नाही.
अंधारल्या आभाळात दुधाची किटली लवंडावी
तसं पांढरं, निळसर, मग मोतिया काही पसरत गेलं.
कॉर्निशवर सगळ्यांचे मोबाईल वर,
टपरीवर कुंजुमोनचा चहा उतू गेला.
सुंदर होतं.
नोंदवहीत त्याला रकाना नाही.

चौथ्या दिवशी आम्ही फुगा सोडला.
तीस किलोमीटरवर तो फुटला,
पेटी वाळवंटात कुठेतरी उतरली आणि गप्प झाली.
दोन दिवसांनी ती घेऊन आला ओशेक,
सुदानचा, उंट राखतो.
"आत काय आहे?"
"हवा."
त्याने पेटी कानाशी धरून हलवून पाहिली.
पैसे नको म्हणाला. पाण्याची बाटली घेतली.

चाळीस मायक्रोग्रॅम.
गुंजेचा तीन हजारावा भाग.

छतावरच्या फिल्टरमधली वाळू मी झोपेतही ओळखेन:
कोनेदार, भांडकुदळ, जमिनीची.
उडते आणि परत येते
खिडकीच्या फटीत, भाताच्या घासात.
पेटीतल्या कागदावर मात्र गोल, गुळगुळीत दाणे,
वितळून थेंब झालेलं ॲल्युमिनियम,
आणि काजळी, घडासारखी एकमेकीला धरून.
तिथे वर पाऊस नाही यांना धुवायला.
फिरतील तीन वर्षं, चार वर्षं,
ऊन खात.
माझा व्हिसा दोन वर्षांचा.

रात्री ओशेकचा फोन.
"किती निघाली तुझी हवा?"
सांगितलं. गुंज त्याला कशी समजवणार,
म्हटलं, पापणीच्या एका केसाहून कमी.
तो खो खो हसला.
"माझा उंट शिंकला तरी याहून जास्त उडतं!"

"उंटाचं खाली पडतं," मी म्हटलं.

बराच वेळ फोनमधून नुसता वारा.