पाणी न विचारता

आमच्याकडे आल्यागेल्याला आधी पाणी विचारतात.
मी बुटीबोरीच्या एका खोलीत
असा पाहुणा सांभाळते
ज्याला पाणी विचारायचं नसतं.

पांढरी भुकटी. चिमूटभर.
कोरडी आहे तोवर शहाणी.
पाण्यात फार वेळ राहिली
की तिचे धागे धागे होतात,
कुपीत साय धरते,
मग ती कुणाच्याच कामाची नाही.

चेतनच्या वेळी मानेवाड्यात रात्रीचे दोन वाजलेले,
साखर एकतीस, दातखीळ बसलेली.
डबीत एक कुपी भुकटीची, एक सिरिंज पाण्याची
आणि घडीच्या कागदावर सूचना,
ऐनवेळी मिसळा, हळुवार फिरवा, हलवू नका.
बाबांचे हात तर नुसते हलतच होते.
नंदनवारकाकू दारातून ओरडत होत्या,
पाणी पाजा त्याले, पाणी पाजा!
सुई वाकली. अर्धं औषध गादीत जिरलं.
उरलेल्या अर्ध्यावर तो उठला.
आता शिकवणीत मुलांना अपूर्णांक शिकवतो,
त्या रात्रीतलं त्याला काही म्हणजे काही आठवत नाही.
गादीवरचा डाग मला आठवतो.

म्हणून हा खटाटोप.
औषध आधीच विरघळलेलं असावं,
टोपण काढलं, टोचलं, झालं.
फक्त पाण्यात नको.

डायमिथाइल सल्फॉक्साइडमध्ये ती मुकाट विरघळते.
(त्याचा थेंब बोटाला लागला
तर थोड्या वेळाने जिभेवर लसूण येतो.
घरी म्हणतात, दुपारी चिवडा खाल्लास का?)
पण डिसेंबरात पहाटे गोतमारेंनी शटर वर केलं
तर बाटलीत दगड.
मग सोबतीला दुसरं द्रव घातलं, गोडसर, संथ,
एकाने दुसऱ्याला गोठू द्यायचं नाही.
दहाला दोन, दहाला तीन, साडेतीन,
वहीची पानं त्यातच संपली.
आणि दोघेही जन्माचे तहानलेले.
झाकण जरा सैल राहिलं
की हवेतूनच ओढून घेतात.

कुठेतरी पाणी मुरतंय, असं लोक हिशेबाबद्दल म्हणतात.
आमच्याकडे ते खरंच मुरतं, रबराच्या बुचातून.
पाणी जोखणारं यंत्र कोपऱ्यात बसलेलं असतं,
सुईभर दिलं की तोंडावर आकडा फेकतं.
ऑगस्टमधली प्रत्येक तुकडी त्यानं नापास केली.

म्हणून मी नवतप्याची वाट पाहिली.
सेहेचाळीस अंश, आर्द्रता अकरा टक्के.
ज्या हवेला अख्खं नागपूर शिव्या घालतं
ती मला जपून वापरायची होती.
तिसऱ्या दिवशी एसी बंद पडला.
ओठ फुटलेले, कपाळाला रुमाल बांधलेला,
घामाचा एक थेंब पडला तर चाळीस कुप्या गेल्या,
आणि मागे घरघर सुरू झाली.
गोतमारेंनी कुलर आणून लावला होता.
ताट्या ओल्या गच्च, खसचा वास,
भिंतीवरचा काटा चौदावरून निघाला तो बासष्टला.

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.
ते प्लग काढत म्हणाले,
मॅडम, तुम्ही तापून राह्यल्या होत्या, म्हणून आणला मी.
काहून मी औषध खराब करीन?

कुलर ओढत नेताना फरशीवर
पाण्याची एक ओळ राहिली.
ती मी कोरड्या फडक्यानं पुसली, दोनदा.

त्या दिवशीच्या अठ्ठावीस कुप्या वाचल्या.
चाळीस अंशांच्या कपाटात ठेवल्यात,
दिवाळीनंतर उघडू.
साय धरली असेल, नसेल.
मी आधीपासून काही सांगत नाही.

साडेसहाला फाटकाशी गोतमारेंनी
माझ्याकडे न बघता माठाचं झाकण उचललं,
विचारलं काही नाही,
गडू भरून पुढे केला.
मी उभ्यानेच प्यायले. मग आणखी एक.