ह्याला भूक लई

नांदेडात, वजिराबादच्या त्या दुकानात
कुत्र्यांचे पट्टे, माशांच्या काचपेट्या,
आणि मागच्या फळीवर धूळ खात
पाखरांना दाणे घालायची तीन यंत्रं.

"खारीला खाता येत नाही यातलं," दुकानदार म्हणाला,
आणि स्वतःच हसला.
"पण ताई, आपल्याकडं खारीला अडवतं कोण?"

माझे वडील अडवतात, मी म्हणाले.
सेलूला. दारच्या लिंबाखाली.
चिमण्यांसाठी टांगलेल्या कणसाच्या दोरीला
एरंडेल लावून बघितलं त्यांनी,
दोरीत डालड्याचा डबा ओवला,
खोडाला जुना पत्रा गुंडाळला.
खार एकदा घसरली पत्र्यावरून.
दुसऱ्या खेपेला पत्र्याच्या सुरकुत्यांचा तिनं जिना केला
आणि शाळूचं भरलेलं कणीस
अख्खंच्या अख्खं भिंतीपलीकडं.

एक जूनला पंच्याहत्तर होतात.
तारीख मास्तरांनी लावलेली, शाळेत घालताना.
खरी कुणालाच ठाऊक नाही,
पण भेट द्यायला कोणती ना कोणती तारीख लागतेच.

पहिलं यंत्र पिंजऱ्यातलं. बारीक गजांतून
चिमणी आत जाईल, बाकीच्यांनी बाहेर उभं राहायचं.
मला तहसीलची खिडकी आठवली. ठेवून दिलं.
दुसऱ्यावर गुळगुळीत घुमट.
तो खार एका रविवारात शिकली असती.
तिसरं हिरवं, लोखंडी, जड.
दाण्याच्या खिडकीपुढं दांडी, दांडीखाली स्प्रिंग.
हलकं कुणी बसलं तर खिडकी उघडी,
भार पडला की झाकण खाली.
मी दांडीवर करंगळी दाबली.
टक्.

तो आवाज ओळखीचा होता.

चाळीस वर्षं मोंढ्यात काटे दुरुस्त केले दादांनी.
आडत्यांच्या गाद्यांपुढं उकिडवे बसून,
तोंडात दोन स्क्रू, कान दांडीपाशी.
पोत्यामागं पाव किलो गिळणारा काटा
ते आवाजावरून धरत
आणि मालकाकडं न बघता म्हणत,
"ह्याला भूक लई."
डिजिटल काटे आले, हत्यारांची पेटी माळ्यावर गेली.
खारीशी भांडण त्यानंतरचं.

बाराशे सांगितले, नऊशेला दिलं.
पूर्णेपर्यंत मांडीवर घेऊन बसले,
समोरच्या बाईनं विचारलं, कंदील आहे का?
मी हो म्हणाले.

"कामून पैसे घातलेस?"
म्हणाले, आणि तोवर ते हातात उलटं झालं होतं.
सोबतचा कागद त्यांनी बघितलाही नाही.
"किती गिरामला मिटतं?"
"ऐंशी लिहिलंय."
"ऐंशी? मग होल्यानं कुटं जावं?"

होला आलाच तेवढ्यात. बसला. टक्.
शटर पडल्यावरही दुकानापुढं
एखादं माणूस थांबून राहतं ना,
तसा मान वाकडी करून बघत राहिला.
"काट्याला जात कळत नस्ती," दादा म्हणाले.
"निस्ता भार कळतो."
मग खुर्चीवर चढून
माळ्यावरची पेटी काढायला लागले.
मी खुर्ची धरली.

आठवड्यानं फोन.
स्प्रिंग दोन आटे कसली. होल्याचं भागलं.
"आणि खार?"

जरा वेळ नुसता लिंबातला कालवा ऐकू आला.

"येती की. झाकण काडलं म्या.
तितं काटा बशिवला, बारका.
सोमवारी एकशे चार भरली. आज एकशे बारा.
पोटुशी हाय बहुतेक.
वहीत लिवून ठिवलंय."

आणि ठेवता ठेवता:
येताना दोन किलो राळे आण नांदेडाहून,
इथला मापात मारतो.