दाही

मिरजेच्या दवाखान्यात जाग आली तेव्हा
चेहऱ्याच्या मधोमध कुणीतरी
दार लिंपून घेतलं होतं.
दोन्ही नाकपुड्यांत मलमात भिजवलेली पट्टी,
घडीवर घडी, ठासून,
आणि ओठावर कापसाची मिशी.
समोरच्या खाटेवरचा कुंडलचा म्हातारा बघून हसला,
त्याला तर मिशीवर मिशी होती.

नाव सांगा, रूथ सिस्टर म्हणाल्या.
बैदा.
अंडी उद्यापासून, बाई. नाव.
बैदा बाळी, तासगाव.
शेवटी त्यांनी मनगटावरचा कागद वाचला,
मैना माळी,
आणि रजिस्टर तोंडापुढं धरलं.

रात्रभर तोंडानं श्वास.
जीभ रॅकवर टाकल्यागत वाळली.
घोट गिळला की कानात फळी आपटायची.
सुनेनं पेज आणली, मीठ आहे का
ते तिलाच विचारायचं.

पडल्या पडल्या एकेक शब्द निवडला,
शेडवर बेदाणा निवडते तसा,
बरा या खोक्यात, डागी त्या.
मी, बी.
नको, दको.
माझं मन, बाझं बद.
हो मात्र जसाच्या तसा निघाला.
बरं. चालेल. येते, साहेब.
यांना नाक लागतच नाही.
नाही म्हणायलाच तेवढं लागतं
हे इतक्या वर्षांत कळलं नव्हतं,
म्हणायची वेळच फारशी आली नव्हती.

दुपारी मुकादमाचा फोन.
हंगाम लागला, धुरीच्या खोलीत तूच पायजेस,
बाकीच्या बायांना गंधक सोसत नाही.
दाही, म्हटलं.
दहाला?
दाही, दाही!
बरं, दहा तर दहा. पंधरा तारखेला ये.
ठेवला त्यानं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर कोरे म्हणाले, वर बघा,
आणि पट्टी ओढायला लागले.
संपेचना.
डोळ्यांच्या मागून, टाळूवरून,
कपाळाची आतली शिवण उसवावी तशी
हातभर आली, आणखी आली,
आई गं, म्हटलं, ते मात्र स्वच्छ निघालं,
आणि ट्रेमध्ये ती पडली, तांबडी, बुळबुळीत.
मग वारा आत शिरला.
एवढा गार की डोळ्यांतून पाणी.
चिठ्ठीवर लिहून दिलं,
शिंकरू नका, वाकू नका, ओझं उचलू नका,
सगळ्यांत खाली, बारीक अक्षरात,
धुराजवळ जाऊ नका.

घरी सकाळ-संध्याकाळ मोरीत बसून
कोमट मीठ-पाण्याची पिचकारी,
उजवीकडून सोडलं की डावीकडून गळतं.
खपल्या सुटायच्या, कधी रक्ताचा दोरा.
वास कशालाच नव्हता,
ना फोडणीला, ना नातवाच्या टाळूला.
येईल, म्हणाले होते डॉक्टर. कुठला आधी येईल
ते नव्हते म्हणाले.

तेराव्या दिवशी खुंटीवरचा कामाचा स्कार्फ काढला
आणि आला.
काडेपेटीच्या काड्या एकदम पेटाव्यात तसा.
धुतला, उन्हात टाकला, परत हुंगला.
मग उशी हुंगली. मग आंबाडा सोडून केस.
माझाच होता.
सहा वर्षं सून शेजारी बसून भाकरी थापते,
एकदाही बोलली नाही.
नातू झोपताना पाठ करतो,
मला वाटायचं, पोराची सवय.

पंधरा तारीख, पावणेदहा.
निघालीस का गं?
मी खिडकीशी जाऊन श्वास घेतला.
डावी बाजू अजून अडते थोडी.
जीभ वरच्या दातांमागं टेकवली
आणि तिथंच ठेवली जरा वेळ.
जिथं पट्टी होती
तिथं, आत, न घुमायला लागला.
हॅलो, तो म्हणत होता, हॅलो,
आवाज येत नाही तुझा.
मी घाई केली नाही.