नमुना क्रमांक एकशे बारा

पहिल्या दिवशी बाईंनी प्राणी दाखवलाच नाही.
दाखवली विष्ठा.
वाळलेली, पांढुरकी, एका टोकाला निमुळती,
गोबीच्या दक्षिणेला, कड्याच्या पायथ्याशी,
जिथे वारा इतका कोरडा
की डोळ्यांतलं पाणी गालावर यायच्या आत संपतं.

"हा हिमबिबट्या," त्सेरेनदुलाम बाई म्हणाल्या.
"वाका. गुडघे टेका.
प्राणिशास्त्र उभ्यानं होत नाही."

हातमोजे. कागदी पाकीट, कारण प्लास्टिकमध्ये बुरशी धरते.
शिसपेन्सिल, कारण शाई थंडीत गोठते.
तारीख, उंची, उताराची दिशा,
उचलणाऱ्याचं नाव, ओळखणाऱ्याचं नाव.
चिठ्ठीवाचून काही उचललंत
तर ती तुमच्या खिशातली घाण,
बाकी काही नाही.

सात आठवडे मी त्याच्या मागे होते
आणि तो माझ्या पुढे कधीच नव्हता.
बर्फात चार बोटं, एक तळवा. नखं नाहीत.
नखं आत ओढून चालतो तो,
उशिरा घरी आलेला माणूस चपला हातात घेतो तसा.
दगडांच्या बेचक्यातल्या कॅमेऱ्यात
चारशे एकतीस छायाचित्रं:
हलणारं गवत, हलणारं गवत, एक कोल्हा,
गवत, पाकिटं मोजणारी मी,
आणि एकदाच, अगदी कडेला,
शेपटीचं टोक.
तेवढ्यावर बाई दिवसभर खुशीत होत्या.

रात्री गेरमध्ये, वाळल्या शेणाच्या धगीशी,
खारट चहा पीत आम्ही त्याचं जेवण चाळणीत धुवायचो.
मार्मोटचा दात, गाजरासारखा केशरी.
आयबेक्सच्या खुराचं टवकं.
आणि केस, केस, केस.
एकेक काचपट्टीवर ठेवून खवले पाहायचे,
आतली पोकळी पाहायची,
चित्रांच्या तक्त्याशी ताडायची.

एकशे बारावर माझी पेन्सिल थांबली.
तक्ता म्हणत होता: पाळीव.
गेर लुव्सानशारवची, चहाही त्याचाच,
आणि या हिवाळ्यात त्याच्या अकरा शेळ्या गेलेल्या.

तो मागेच उभा होता.
"काय दिसतं?"
खवले, मी म्हटलं. जाडी. मायक्रॉनमध्ये.
त्यानं भिंगाला डोळा लावला, काढला,
चाळणीतला उरलेला पुंजका चिमटीत धरला,
दिव्याजवळ नेला.
"ही आमची बुटकी.
डाव्या कानाला चीर होती.
पहिलं करडू जवळ घेईना,
तेव्हा हिनं तीन रात्री गाऊन गाऊन तिचं मन वळवलं."
हिनं म्हणजे त्याच्या बायकोनं.
ती पलीकडे कणीक मळत होती. हात थांबले नाहीत,
फक्त सावकाश झाले.

"लिही," तो म्हणाला.
"खाल्ली त्यानं.
तो तरी कबूल करतोय."

मी लिहिलं. काप्रा हिर्कस. केस. एक.
एक म्हणजे किमान एक,
असं बाईंनी शिकवलं होतं.
बुटकीला रकाना नव्हता, चिरलेल्या कानालाही नव्हता,
गाण्याला तर नव्हताच.
'ओळखणारा' होता.
तिथे मी माझं नाव लिहायला घेतलेलं,
पहिलं अक्षर उमटलेलंही.
ते खोडलं.
लुव्सानशारव, असं लिहिलं.
मग लांबी पुरली नाही म्हणून 'रव' खाली, चिकटून.

सकाळी बाईंनी चिठ्ठी वाचली,
एकदा माझ्याकडे, एकदा दाराबाहेर पाहिलं.
बाहेर तो शेळ्या मोजत होता,
बोटांनी नाही, नुसत्या नजरेनं.
"उताराची दिशा राहिली,"
एवढंच म्हणाल्या.