होल्टरची नोंद

चोवीस तास छातीला डकवलेलं यंत्र,
आणि एक तक्ता. केव्हा काय केलंत, लिहा.

रात्री दोन. करक चहा, तिसरा.
साडेतीन. गार परोठा, लोणच्याचा खार बोटांना.
पहाटे रिफायनरीची ज्योत पूर्वेला,
सूर्यही तिकडेच.

नऊला खिडकीवर चांदीचा कागद लावून
मी रात्र करतो.
डोळे मिटतात;
काळीज ड्यूटीवरच.

इकडे अकरा, खेडात साडेबारा.
झुलेखाचा फोन. "झोपमोड केली काय?"
"छे, जागाच होतो."
तक्त्यात हे लिहिलं नाही.
पण तिथंच रेघ उंच उडालेली,
डॉक्टर कुट्टींनी बोट ठेवलं.
"मुकादम, तुमची रात्र नेमकी कुठली?"

रुवैसमध्ये सोळा वर्षं.
गेल्या मंगळवारी छातीत क्षणभर थांबलं होतं ते
बहुतेक हेच विचारायला.