एक नग

माझे वडील भुसावळच्या पार्सल ऑफिसात बाबू होते.
एकतीस वर्षं सहीशिवाय काही घेतलं नाही त्यांनी,
केळीचे घड, शिलाईची यंत्रं, एकदा
जाळीच्या खोक्यात चिवचिवणारी दोनशे पिल्लं.
आधी नग मोजायचे, मग सुतळीची गाठ चाचपायची,
मग जांभळ्या कार्बनवर दाबून: मिळाला.

रिटायर झाले आणि हात मोकळे पडले.
नाताळात मंडळीत वाटतात ते
रोज एक पान फाडायचं कॅलेंडर
स्वयंपाकघराच्या खिळ्याला लागलं.
एक जानेवारीला, चहाच्याही आधी,
त्यांनी पान फाडलं, उलटं केलं, लिहिलं:
एक नग. सुस्थितीत. शां. ल. पगारे.

आई म्हणाली, डोकं फिरलंय.
शेजारचे हिलालअण्णा, जुने हमाल, पोटभर हसले:
"काय शे हाई, बाबू? कोठेन उना माल?"
वडिलांनी आभाळाकडे बोट केलं नाही,
खिडकीकडे केलं.
लोको शेडच्या मागून ऊन चढत होतं,
सकाळी सातलाच चटका देणारं एप्रिलचं ऊन.
"भाडं कधीच भरलंय," ते म्हणाले,
"आपण फक्त उतरवून घ्यायचं."

मी शनिवारी यावलहून यायची.
एकदा घाईत दोन पानं एकदम फाडली,
रविवारचं काम आजच उरकून टाकावं म्हणून.
ते काही बोलले नाहीत. भाताच्या चार शितांनी
रविवार परत जागेवर चिकटवला.
"न आलेल्या मालाची पावती
कोणी फाडतं का?"

फुटक्या मालाचीही नोंद असायची.
एक नग. ओला.
एक नग. वजन जास्त.
माझं ठरलेलं लग्न मोडलं त्या गुरुवारी:
एक नग. दोरी तुटलेली.
मला तेव्हा कळलंही नव्हतं
की ते बघत होते.

आणि आई गेली तो सहा जून.
दफनभूमीतून आले, पायाची माती तशीच,
खिळ्यापाशी उभे राहिले.
बाबूला हक्क असतो, मला माहीत होतं,
खराब माल शेरा मारून परत पाठवायचा.
त्यांनी लिहिलं: एक नग. आतला माल
आणि पेन तिथंच थांबलं. शाईचा थेंब पसरला.
खाली सही. वेडीवाकडी, पण पूर्ण.

त्या रात्री मी भांडले त्यांच्याशी.
हेही त्यानंच दिलं का? हेही घ्यायचं?
बराच वेळ फक्त शंटिंगचे आवाज.
मग म्हणाले,
"कसला माल ते मला नाही कळलं, बेटा.
पत्ता माझाच होता."
हिलालअण्णाकडून आलेली कळण्याची भाकर
समोर घेऊन त्यांनी डोळे मिटले,
आणि इतका वेळ उपकार मानले
की ठेचा ताटात वाळून गेला.

आता ते नाहीत. पानांचे अकरा गठ्ठे आहेत,
सुतळीत बांधलेले, तीच गाठ.
एका गठ्ठ्याचा मार्च उंदरांनी खाल्ला.
माझा विश्वास त्यांच्यासारखा नाही,
तो पॅसेंजर गाडीसारखा येतो, थांबत थांबत,
काही रविवारी येतच नाही.
सही तर मी कधी केलीच नाही.

आज मंगळवार. लाईट गेलेली, कूलर गप्प.
नळ वीस मिनिटं आला, हंडा भरला, पिंप राहिलं.
अण्णांची नात अर्धी फणी केळी ठेवून गेली,
दोन पिकलेली, बाकी हिरवी,
"त्या थांबी थांबी खा" असं सांगून.
मी पान फाडलं.
पेन शोधलं, एकही उमटेना.
भुवईची पेन्सिल सापडली. तिनंच,
उभ्याउभ्या, ओट्यावर टेकवून:

एक नग.
अजून उघडून पाहिला नाही.