चार नंबर

शेन्झेनहून दोघं आले तेव्हा
मालकांनी भरीत न् कळण्याची भाकरी वाढली.
धाकट्याला ठसका लागला, सगळे हसले,
आणि जळगाव एमआयडीसीतला
ठिबकच्या नळ्यांचा आमचा कारखाना
निम्मा विकला असं ठरलं.

मग कुठंतरी बर्फात,
आम्ही कधी न चढलेल्या उंचीवर
कोण कोणाला भिडलं.
फाइल दिल्लीत बसली ती बसलीच.

तिसऱ्या उन्हाळ्यात ह्यूस्टनचे आले,
पाण्याच्या बाटल्या आपल्या आपण घेऊन.
भाव चढा. अट एकच, पान एक्केचाळीस:
चार नंबरचं मशीन नव्वद दिवसांत काढा,
त्याच्या पोटातला मेंदू त्यांचा नको.

चार नंबरवर मी नऊ वर्षं.
पडद्यावरची अक्षरं कोणी शिकवली नाहीत.
एकात मंडपाशेजारी माणूस उभा: थांब.
एकाच्या बुडाशी चार ठिणग्या: तापलं.
बाकीच्यांची गरजच पडली नाही.

हिरामण फिटर म्हणे, "आते काय व्हई, भाऊ?"
म्हटलं, नळी तीच निघेल, शिक्का बदलेल.
"आनि तू?"
मी ग्रीसचा डबा शोधत राहिलो.

शनिवारी क्रेन आली.
बंद करून तासही झाला नव्हता,
पत्रा हाताला गरम लागला.

नव्या पडद्यावर इंग्रजी आहे.
'स्टॉप' मला लिहिताही येतं.
तरी काल नळी फुगली, आणि घाईत
बोट गेलं त्या कोपऱ्याकडं
जिथं मंडपाशेजारी तो उभा असायचा.